सृष्टीसाठी खोटी साक्ष द्यावी काय?

चांगल्या हेतूने दाखवलेले खोटे चित्र चालते काय? प्रश्न जुनाच आहे, पण आज तो आपल्या प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे. सकाळी मोबाइल उघडला की कुठे हिमकडा कोसळताना दिसतो, कुठे कासवाच्या गळ्याभोवती प्लॅस्टिक आवळलेले दिसते, कुठे वणव्यात होरपळलेले जनावर दिसते. आपण हळहळतो आणि तो व्हिडिओ पुढच्या दहा जणांना पाठवून देतो. पाठवताना आपल्या मनात काही वाईट नसते. लोकांचे डोळे उघडावेत, देवाने निर्माण केलेली सृष्टी वाचावी, एवढीच इच्छा असते. मात्र जे दाखवले ते खरोखर तसेच घडले होते काय, हे विचारण्याच्या भानगडीत आपण पडत नाही. 'खरे नसले तरी संदेश चांगला आहे ना?' असे म्हणून आपण मोकळे होतो.

हे 'संदेश चांगला आहे ना' आज जरा तपासून पाहू या.

चित्राचे सामर्थ्य

विज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचवणे सोपे नसते. शास्त्रज्ञांचे निबंध इंग्रजीत असतात, आकडे रुक्ष असतात आणि समुद्राच्या पोटात काय चालले आहे ते तर कुणालाच दिसत नाही. अशा वेळी चित्रपटासारखे दुसरे साधन नाही. ज्या आजीला लिहितावाचता येत नाही, तिलाही पडद्यावरचे चित्र कळते.

आपल्याच देशातले एक उदाहरण घेऊ. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. मुशीच्याच जातीचा, पण माणसाच्या वाटेला न जाणारा. बारा मीटर आणि त्याहूनही लांब वाढणारा हा मासा तोंड उघडून पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म जीव व बारीक मासळी ह्यांवर जगतो. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर तो येई आणि त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होई. त्याच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला लावण्यासाठी वापरले जाई आणि मांस परदेशी जाई. किनाऱ्यापलीकडच्या भारताला ह्याचा पत्ताही नव्हता. माईक पांडे ह्यांनी ह्या शिकारीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' नावाचा माहितीपट तयार केला. तो २००० साली लोकांसमोर आला आणि पुढच्याच वर्षी, मे २००१ मध्ये, केंद्र सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघाला जे संरक्षण, तेच ह्या माशाला मिळाले. हा मान मिळालेला तो पहिलाच मासा.

मुक्या जिवाला कोर्टात उभे राहून बोलता येत नाही. कॅमेरा त्याच्या वतीने बोलला. म्हणूनच निसर्गाविषयीच्या माहितीपटाला आम्ही करमणूक म्हणत नाही, साक्ष म्हणतो. आणि साक्ष म्हटली की ती खरी आहे की खोटी, हा प्रश्न आलाच.

वाकवलेली साक्ष

१९५८ साली डिस्ने कंपनीने उत्तर ध्रुवाकडील प्राण्यांवर 'व्हाइट विल्डरनेस' हा चित्रपट काढला. त्याला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी झुंडीने कड्यावरून पाण्यात उड्या घेताना दिसतात. हे प्राणी सामूहिक आत्महत्या करतात अशी समजूत त्या दृश्याने जगभर पक्की झाली. १९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने ह्या दृश्याचा छडा लावला, तेव्हा वेगळेच बाहेर आले. चित्रीकरण झाले ते अल्बर्टा प्रांतात. तिथे समुद्रच नाही. लेमिंग दुसऱ्या प्रांतातून विकत आणलेले होते. थोडेच होते, म्हणून फिरत्या तबकडीवर पळवून त्यांची झुंड भासवली आणि शेवटी त्यांना माणसांनीच कड्यावरून नदीत लोटले. लेमिंग आत्महत्या करीतच नाहीत. त्यांची कहाणी सांगण्यासाठी निघालेल्यांनी त्यांचाच जीव घेतला आणि वर त्यांच्यावर आत्महत्येचा आळ घातला!

हे उदाहरण सोपे आहे. ते चूकच होते, असे कुणीही म्हणेल. दुसरे मात्र अवघड आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनडाच्या अतिउत्तरेकडील सॉमरसेट बेटावर पॉल निकलेन आणि क्रिस्टिना मिटरमायर ह्या दोन नामवंत छायाचित्रकारांना एक ध्रुवीय अस्वल दिसले. हाडांचा सापळा झालेले, मागचे पाय ओढत चालणारे, एका जुन्या पिंपात अन्न शोधणारे. त्यांनी रडत रडत त्याचे चित्रीकरण केले. डिसेंबरमध्ये ते प्रसिद्ध झाले. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्याला जोड दिली ती हवामानबदल दिसतो तो असा, अशा अर्थाच्या ओळीची. तो व्हिडिओ सुमारे २५० कोटी लोकांपर्यंत पोहोचला असावा, असा अंदाज पुढे देण्यात आला.

अस्वल खरे होते. त्याची उपासमार खरी होती. कुणी त्याला उपाशी ठेवले नव्हते. मग खोटे काय होते? खोटा होता तो निष्कर्षातला ठामपणा. ते अस्वल म्हातारे होते, आजारी होते की जखमी होते, हे चित्रीकरण करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मिटरमायर ह्यांनी स्वतःच लिहून हे मान्य केले, आणि त्या एका अस्वलाच्या हालाचा हवामानबदलाशी इतका निश्चित संबंध जोडण्यात आपण मर्यादा ओलांडली, अशी कबुली नॅशनल जिऑग्राफिकनेही दिली.

'पण हेतू तर चांगला होता'

आता समोरच्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकू या, कारण ते पोकळ नाही. पृथ्वी तापते आहे, हे खरे आहे. उपग्रह १९७९ पासून उत्तर ध्रुवावरील समुद्राचे बर्फ मोजत आहेत आणि उन्हाळ्याच्या शेवटी उरणारे बर्फ तेव्हापासून फार घटले आहे. ध्रुवीय अस्वल त्या बर्फावर उभे राहूनच सीलची शिकार करते. बर्फ नाही तर शिकार नाही, हेही खरे आहे. मग ह्याच एका अस्वलाबाबत खात्री नसली म्हणून काय बिघडले? आकड्यांनी कुणाचे काळीज हलत नाही, अस्वलाने हलले. घराला आग लागलेली असताना शब्दांचा काथ्याकूट कशाला?

ह्या म्हणण्यात कळकळ आहे. तरीही आम्हांला ते पटत नाही, आणि त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण व्यवहाराचे आहे. साक्षीदार एका गोष्टीत खोटा ठरला की वकील त्याची बाकीची साक्षही मोडून काढतो. कबुली आल्यावर तसेच झाले. ज्यांना हवामानबदल हे थोतांड वाटते, त्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले. 'बघा, हे लोक असेच फसवतात' असे म्हणता म्हणता त्यांनी बर्फाची मोजमापेही निकालात काढली. खऱ्या गोष्टीला खोट्याचा टेकू दिला की टेकू निसटताना खरी गोष्टही डळमळते.

दुसरे कारण पाहणाऱ्याविषयी आहे. माणसाला सत्य सांगितले की त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी होते आणि तो स्वतः निर्णय घेतो. त्याला फसवून रडवले तर आपण त्याच्या बुद्धीला बगल देऊन थेट डोळ्यांतून पाणी काढतो. मग तो आपला शेजारी राहत नाही, आपल्या हातातले साधन बनतो. आपले साध्य कितीही पवित्र असो, माणसाला साधन बनवण्याचा अधिकार कुणाला नाही.

तिसरे कारण आपल्या श्रद्धेतले आहे. खोट्या साक्षीला मनाई करणारी आठवी आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलो आहोत. तिच्यात 'चांगल्या कामाचा अपवाद' असे कुठे लिहिलेले नाही. ईयोबाच्या पुस्तकात तर ह्याहून धारदार प्रसंग आहे. ईयोबाचे मित्र देवाची बाजू सावरण्यासाठी त्याच्यावर नसलेले दोष लादतात. देवासाठी तुम्ही असत्य बोलणार आहात काय, असा जाब ईयोब त्यांना विचारतो, आणि शेवटी देवही त्या मित्रांवरच रुष्ट होतो. देवाला आपल्या खोट्याची गरज नाही. मग त्याच्या सृष्टीला तरी ती का असावी?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. निवड करणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. सहा महिन्यांच्या चित्रीकरणातून एक तास निवडावाच लागतो. रेखाचित्रे, संगणकावर तयार केलेली दृश्ये, नाटुकली ह्यांतही काही वावगे नाही. प्रभू येशूनेही दाखले सांगितलेच. पण ऐकणाऱ्यांना ठाऊक होते की हा दाखला आहे. खोटेपणा सुरू होतो तो दाखल्याला घडलेली घटना म्हणून खपवतो तेव्हा. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने न जन्मलेल्या प्राण्याचा न झालेला मृत्यू काही मिनिटांत पडद्यावर आणता येतो. म्हणून 'हे कल्पनाचित्र आहे' ही एक ओळ लिहिणे आता पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाले आहे.

आणि खोटे दरवेळी रडवणारेच असते असेही नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत इटलीतील व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन परतले, असा व्हिडिओ घरोघर फिरला. तो मुळात सार्डिनिया बेटावरील बंदराचा होता. माणूस चार दिवस घरात बसला की निसर्ग आपोआप बरा होतो, असा खोटा दिलासा त्याने दिला. खोटी भीती जशी हानिकारक, तसा खोटा दिलासाही.

शेजाऱ्याविषयीची साक्ष

आठवी आज्ञा शेजाऱ्याविषयी बोलते, हे आपण विसरतो. निसर्गाच्या चित्रात प्राण्याबरोबर बहुतेक वेळा एक माणूसही असतो आणि तो सहसा गरीब असतो. पुन्हा त्या सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे वळू. रक्ताने लाल झालेला किनारा पाहून शहरातला प्रेक्षक काय म्हणेल? 'किती क्रूर आहेत हे कोळी!' पण होडीला तेल लावणारा, कर्ज काढून जाळे विणणारा, ह्या माशाच्या पैशांवर पावसाळा काढणारा तो माणूस एवढ्याने पुरता दिसतो काय? २००१ च्या कायद्याने मासा वाचण्याची सोय झाली, पण त्याच दिवशी त्या कुटुंबांची एक मिळकत गुन्हा ठरली. माहितीपट संपल्यावर प्रेक्षक दिवा लावून जेवायला बसतो. कोळ्याचे मात्र तेव्हाच सुरू होते.

म्हणूनच त्यापुढचे पाऊल आम्हांला माहितीपटाइतकेच मोलाचे वाटते. २००४ पासून वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने गुजरातच्या वनखात्याबरोबर किनाऱ्यावर मोहीम उघडली. कथाकार मोरारी बापू ह्यांनी ह्या माशाला माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या लेकीची उपमा दिली. ती उपमा म्हणूनच दिली आणि लोकांना ती भिडली. दरडावणी नव्हती, समजावणी होती. चुकून जाळ्यात सापडलेला मासा सोडण्यासाठी मच्छीमार जाळे कापू लागले आणि सरकार कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ लागले. अधिकारी येऊन पाहणी करीपर्यंत मासा अडकून पडे, म्हणून पुढे मच्छीमारांच्याच हाती कॅमेरे देण्यात आले. स्वतः चित्र घ्या, मासा लगेच सोडा आणि भरपाईसाठी ते चित्र दाखवा, अशी ती व्यवस्था. आजवर शेकडो व्हेल शार्क अशा रीतीने समुद्रात परत गेले आहेत.

काय बदलले पाहा. ज्याच्यावर कॅमेरा रोखला होता, त्याच्याच हाती कॅमेरा आला. आरोपी साक्षीदार झाला. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने अशीच योजना आणली. संरक्षित सागरी जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर छायाचित्राच्या पुराव्यावर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची तीत तरतूद झाली. आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या नाखव्याने भर समुद्रात, हलत्या होडीवरून, ओल्या हाताने काढलेले ते अंधूक चित्र कुठल्याही महोत्सवात जाणार नाही. पण ते खरे आहे, आणि ते काढणाऱ्याने आपले जाळे कापून त्याची किंमत मोजली आहे.

२०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीचे रडणे आणि गरिबांचे रडणे वेगळे काढता येत नाही, असा विचार मांडला. २०२२ साली ह्या परिपत्रकावर 'द लेटर' हा माहितीपट आला. ब्राझीलच्या जंगलातील मूळ रहिवाशांचा प्रमुख, सेनेगलमधील विस्थापित तरुण, भारतातील रिद्धिमा पांडे ही शाळकरी मुलगी आणि हवाईतील शास्त्रज्ञ दांपत्य रोमला जाऊन पोपमहोदयांना भेटतात. ज्यांना सोसावे लागते ते त्यात स्वतःच्या तोंडाने बोलतात. आमच्या मते न्यायाची कसोटी हीच: चित्रात जो माणूस दिसतो, त्याला बोलायला दिले काय?

पाहणाऱ्याचे काय?

आतापर्यंत दाखवणाऱ्याविषयी बोललो. पाहणाराही सुटत नाही. २०१५ साली कोस्टा रिकाच्या किनाऱ्याजवळ काही शास्त्रज्ञ कासवांचा अभ्यास करीत होते. एका कासवाच्या नाकपुडीत त्यांना काहीतरी अडकलेले दिसले. चिमट्याने ओढता ओढता कळले की ती शीतपेय पिण्याची प्लॅस्टिकची नळी आहे. कासव वेदनेने तळमळत होते, रक्त येत होते. क्रिस्टीन फिगेनर ह्या संशोधिकेने ते चित्रीत केले. काही रचलेले नव्हते, काही वाढवलेले नव्हते. हे कासव ऑलिव्ह रिडले जातीचे, म्हणजे आपल्या कोकणात वेळासच्या वाळूत अंडी घालायला येते त्याच जातीचे. तो व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांविरुद्ध जगभर मोहिमा झाल्या. भारतातही १ जुलै २०२२ पासून इतर काही एकदाच वापरायच्या वस्तूंबरोबर ह्या नळ्यांवर बंदी आली.

चांगलेच झाले. पण समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये ह्या नळ्यांचा वाटा अगदी किरकोळ आहे. पिशव्या, बाटल्या, वेष्टने, फाटकी जाळी ह्यांचे काय? नळी सोडणे सोपे होते, म्हणून आपण नळी सोडली आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. खरे चित्रही आपल्याला अशी पळवाट देऊ शकते. हळहळण्याची सवय लागली की हळहळणे हेच काम वाटू लागते. दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यातील याजकाने आणि लेव्याने जखमी माणसाला पाहिले नव्हते असे नाही. दोघांनीही पाहिले होते. शोमरोनी माणूस थांबला, आणि त्याने पदरचे पैसे खर्च केले.

आपल्या धर्मग्रामासाठी

आपल्या तरुण मुलामुलींच्या हाती आज जे साधन आहे, ते पूर्वी मोठमोठ्या संस्थांकडेही नव्हते. त्यांनी त्याचा उपयोग जरूर करावा. गावातील तळे, बावखल, विहिरीचे पाणी, खाडीकाठची तिवरे, पाखरे, कचरा टाकण्याच्या जागा, सारे टिपावे. मात्र ठिकाण आणि तारीख लिहावी. जे दिसले ते दिसले म्हणावे, जे वाटते ते वाटते म्हणावे आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगण्याची लाज बाळगू नये. तळ्यातली मासळी एका सकाळी मेलेली दिसली, तर 'अमक्याने विष सोडले' असे म्हणण्याआधी पाणी तपासून घ्यावे. उन्हाळ्यात पाण्यातील प्राणवायू घटूनही मासळी मरते. चित्राला अधिक दयनीय करण्यासाठी एखाद्या जिवाला त्रास देऊ नये, घरट्यातील पिल्लांना हात लावू नये. आणि ज्याच्या दारातला कचरा दाखवायचा, त्याच्या दारात आधी जाऊन त्याच्याशी बोलावे.

मोठ्यांसाठी पथ्य ह्याहून सोपे आहे आणि पाळायला कदाचित अधिक अवघड. आलेला व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणी काढलेला, हे कळत नसेल तर तो आपल्यापाशीच थांबवावा. एखादा खोटा निघाला तर ज्यांना पाठवला होता त्यांना तसे कळवावे. आणि खरा असेल तर पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारावे: हे पाहून आज माझ्या घरात काय बदलणार आहे? उत्तर काहीच नसेल, तर दुसऱ्याला पाठवून तरी काय साधणार?

सृष्टीला आज साक्षीदारांची फार गरज आहे, पण खऱ्या साक्षीदारांची. मासा, कासव, अस्वल, तिवराचे झाड ह्यांना आपली बाजू मांडता येत नाही आणि आपण त्यांच्याविषयी खोटे सांगितले तर ते खोडताही येत नाही. ज्याला प्रतिवाद करता येत नाही, त्याच्याविषयी बोलताना माणसाने दुप्पट जपून बोलावे.